चहाच्या रंगाचा प्लुटो

सुरतेत काहीही घडलं की आठ दिवसांत त्याची साडी निघते. निवडणूक झाली, साडी. क्रिकेटचा कप आला, साडी. मालिकेतली सून कोमातून उठली, तर ती कोमात जाताना जी नेसली होती ती एक आणि उठताना जी नेसली होती ती दुसरी, अशा दोन साड्या. त्यामुळे अमेरिकेचं एक यान साडेनऊ वर्षं उडत उडत प्लुटोपाशी पोचलं आणि त्याने त्या बटुग्रहाचे फोटो धाडले, तेव्हा बाकीच्या जगाने आ वासून बघितलं असेल, सुरतेने साडी काढली. ती साडी जिथे छापली त्या मिलमध्ये माझे वडील कलर मास्तर होते, आणि ती साडी छापून झाल्यावर ते कलर मास्तर राहिले नाहीत. मधल्या काळात काय झालं ते मला लिहायचं आहे. मी अजून तिशीची नाही, आणि आत्मकथन लिहायचं हे काय वय आहे का, असं मला दोघातिघांनी विचारून झालंय. त्यांच्याजवळ लिहिण्यासारखं काही नसावं.

आम्ही सुरतेतल्या नवागामला राहायचो. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून अण्णा, माझे वडील, सुरतेत आले ते कापड विणायचे लूम चालवायला, मग प्रिंट मिलमध्ये रंगाच्या बादल्या उचलायला लागले, आणि पंधरा वर्षांनी त्याच बादल्यांचे मास्तर झाले. आमच्या दोन खोल्यांच्या मागच्या गल्लीत लूमची खाती, म्हणजे छोटे कारखाने, होती. त्यांचा खटाखट आवाज दिवसभर चालायचा, आणि त्या आवाजावर मात करून बोलायची सवय लागल्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं प्रेमाचं बोलणंही भांडल्यासारखं बोलायची. वीज गेली की लूम एकदम थांबायचे, माणसांना मात्र थांबायला दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांत कुणाची सासू कुणाला काय म्हणते ते सगळ्या गल्लीला कळायचं. आई घरी धागा कटिंग करायची. म्हणजे एम्ब्रॉयडरी झालेल्या साड्यांचे गठ्ठे घरी आणायचे, आणि मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापून परत द्यायचे. त्यामुळे आमच्या घरात सगळीकडे धागे असत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत धागा, ठेच्यात धागा, माझ्या वहीच्या पानांत धागा. पाहुणे जेवताना तोंडातून जांभळा धागा ओढून काढायचे आणि आई म्हणायची, "आज जांभयं काम शे." 

अण्णांचे हात कोपरापर्यंत कधीच एका रंगाचे नव्हते. प्रिंट मिलमध्ये जिथे रंग बनतात त्या खोलीला कलर किचन म्हणतात, आणि तिथल्या मास्तरचं काम एकच: मॅचिंग. व्यापारी कापडाचा एक तुकडा आणून देतो, असाच रंग हवा म्हणतो. मास्तर चमच्याने, चिमटीने रंग मिसळतो, चिंधीवर लावतो, वाफ देतो, धुतो, वाळवतो आणि दोन्ही तुकडे शेजारी धरून बघतो. अण्णा हे बघायचं काम फक्त दारात उभं राहून, सकाळी दहा ते बारा या वेळात करायचे. "बल्बखाले रंग खोटं बोलस," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते फक्त कापडापुरतं नव्हतं. भरताची वांगी आईने दिवे लागल्यावर आणलेली त्यांना चालत नसत. माझ्या मावशीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा त्यालाही अंगणात यायला सांगितलं होतं. आवडनिवड त्यांना नव्हती. हा रंग भडक आहे, तो फिका आहे, असं ते कधी म्हणायचे नाहीत. सॅम्पलसारखा आहे की नाही, एवढंच त्यांना दिसायचं. अशा माणसाच्या घरात राहणं किती कंटाळवाणं असतं ते त्याच्या मुलीला विचारा.

मी तेव्हा दहावीत होते आणि मला सगळं कळत होतं. वर्गात पहिली येत असल्यामुळे ही समजूत कुणी खोडून काढली नव्हती. आमची शाळा मराठी माध्यमाची, सरकारी. विज्ञानाचे सर फार कर्तबगार. त्यांनी आठवीत असताना आम्हाला पुस्तकातल्या चित्रातला प्लुटो पट्टी लावून लाल पेनाने खोडायला लावला होता, कारण तो आता ग्रह राहिला नाही असं सात वर्षं उशिरा वरून आलं होतं. वरून म्हणजे आकाशातून नव्हे, परिपत्रकातून. दोन वर्षांनी यानाचे फोटो आले आणि प्लुटोच्या अंगावर बदामाच्या आकाराचा मोठा पांढुरका डाग दिसला, तेव्हा याच सरांनी आम्हाला तक्त्यावर प्लुटो काढून त्यात तो बदाम रंगवायला लावला. "बघा, विश्वालासुद्धा हृदय आहे," असं म्हणून त्यांनी स्वतःच डोळे पुसले. तो डाग म्हणजे गोठलेल्या नायट्रोजनचं मैदान आहे असं मी पेपरात वाचलं होतं आणि तसं म्हणाले, तर त्यांनी मला मुलींनी इतकं रुक्ष असू नये असं सांगितलं. मी घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते हात धूत होते. ते म्हणाले, "हां." माझ्या मते सातवी शिकलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं चूक होतं, आणि असं मला वाटतंय हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं.

यान प्लुटोच्या पुढे निघून गेलं आणि त्याने मागे वळून एक फोटो काढला. तो काही महिन्यांनी आला. सूर्य प्लुटोच्या पलीकडे, त्यामुळे ग्रह काळाकुट्ट, आणि त्याच्या कडेने निळ्या उजेडाची बारीक गोल रेघ. ती रेघ म्हणजे प्लुटोची हवा. इतक्या लांबच्या, इतक्या चिमुकल्या ग्रहाला हवा आहे आणि ती निळी दिसते, याने मी खरोखर वेडी झाले होते. हे मी आजही उपहासाने लिहू शकत नाही, म्हणून एवढंच लिहून पुढे जाते.

तोच फोटो केतनभाईंनीही बघितला. केतनभाई म्हणजे मिलच्या मालकांचे, शेठचे चिरंजीव. परदेशातून काहीतरी शिकून आले होते. काय ते शेठलाही नीट सांगता यायचं नाही, पण फी सांगता यायची. आल्याबरोबर त्यांनी मिलच्या ऑफिसात काचेची दारं बसवली आणि रंग मोजायचं एक मशीन आणलं. कापडावर किंवा कागदावर टेकवायचं, बटण दाबायचं, की कोणता रंग किती मिसळायचा ते कॉम्प्युटर सांगतो. एवढ्या मशीनसमोर हात रंगवून दारात उभा राहणारा माणूस त्यांना बरा दिसत नव्हता. शेठ जुन्या वळणाचे, मास्तरला एकदम काढवेना. मग केतनभाईंनी शर्यत काढली. लग्नसराईसाठी 'प्लुटो' नावाची साडी काढायची. पदरावर बदामवाला मोठा ग्रह, अंगभर छोटे ग्रह, काळा काठ आणि काठावर ती निळी रेघ. डिझाइन एकच. एक सॅम्पल साडी मशीनच्या हिशोबाने रंगवायची, एक मास्तरच्या. व्यापारी येऊन बघतील. ज्याची साडी उचलतील, कलर किचन त्याचं. मास्तर हरले तर फोल्डिंग खात्यात, साड्यांच्या घड्या घालायला. हे त्यांनी अण्णांना हसत हसत, चहा पाजून सांगितलं. अण्णांनी घरी येऊन तितक्याच शांतपणे आईला सांगितलं, आणि आईच्या हातातली कात्री पहिल्यांदा थांबलेली मी बघितली.

अण्णांनी केतनभाईंना एकच प्रश्न विचारला होता: सॅम्पल कुठे आहे? केतनभाईंनी आपला फोन पुढे केला. अण्णांनी तोच फोटो शेठच्या फोनवर बघितला, मग डिझाइनवाल्याच्या कॉम्प्युटरवर बघितला. तिन्ही ठिकाणी प्लुटो वेगवेगळ्या रंगाचा. एकात लालसर, एकात पिवळट, एकात तर थोडा हिरवट. मशीनला असल्या शंका येत नव्हत्या. केतनभाईंनी फोटो झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणला, त्यावर मशीन टेकवलं आणि मशीनने झेरॉक्सवाल्याच्या शाईचा रंग दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक सांगितला. अण्णा मात्र घरी येऊन, जेवण तसंच ठेवून, माझ्यासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं.

"जयू, हाऊ ग्रह खरोखर कोनता रंगना शे?"

तेव्हा मला जो आनंद झाला तो वाईट जातीचा होता. मी म्हणाले, मी शोधून काढते. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून दिंडोलीच्या रस्त्यावरच्या सायबर कॅफेत गेले आणि दोन तास इंग्रजी अक्षरं लावत बसले. त्यातून कळलं ते असं. पेपरात आलेला तो रंगीबेरंगी प्लुटो मुद्दाम भडक केलेला होता, कुठे कोणता पदार्थ आहे ते शास्त्रज्ञांना वेगवेगळं ओळखू यावं म्हणून. आपल्या डोळ्यांना तो तसा दिसणारच नाही. आपल्याला दिसेल फिकट तपकिरी, बदामी, कुठे तांबूस. मी ते चित्र छापून आणलं, पण अण्णांनी कागद बाजूला ठेवला, कारण छापलेल्या कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मग मी घरातल्या वस्तू गोळा करायला लागले. इथे असा, म्हणून दुधाचा चहा दाखवला. इथे जास्त लाल, म्हणून गाळणीतला चोथा. बदामाच्या जागी कळण्याचं पीठ नको, दादर ज्वारीचं घ्या, ते पांढरं. अण्णा एकेक वस्तू दारात नेऊन बघत होते आणि मान हलवत होते. पेपरातल्या अक्षरांपेक्षा हे त्यांना पटत होतं. निळ्या रेघेचं मी सांगितलं की ती मात्र खरीच निळी आहे. त्यासाठी आईच्या धाग्यांच्या ढिगातून दहा निळे काढून, एक निवडला.

आईने सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "चहाना रंगनी साडी कोन लेई?"

अण्णा म्हणाले, "सॅम्पल जसं शे तसं. आपले कोन विचारस, आवडनं का?" तरी आईचं म्हणणं त्यांना लागलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, असंच छापू का? एवढ्या वर्षांत मालाबद्दल त्यांनी कुणाला विचारलं नसेल. आणि मी, ज्या मुलीने मिलच्या आत पाऊल टाकलं नव्हतं आणि ज्या मुलीला साडी नेसता येत नव्हती, मी म्हणाले, "असंच छापा, अण्णा. हाच खरा रंग आहे. बाकीचे मूर्ख आहेत."

व्यापारी यायच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. कुणी विचारलं तर सांगायला म्हणून अण्णा मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हात घासून घासून धुतले होते, तरी नखांच्या कडांना बदामी रंग राहिलाच होता. काचेच्या ऑफिसात गादीवर पाच व्यापारी बसले होते. समोर खमणाच्या बशा. शेठ एका कोपऱ्यात माळ ओढत होते, म्हणजे नजर चुकवत होते. केतनभाईंनी आधी मशीनची साडी उलगडली. तिच्यात गुलाबी होता, लिंबासारखा पिवळा होता, मोरपंखी होता आणि काठ असा निळा होता की डोळे दुखावेत. व्यापारी "वाह" म्हणाले. व्यापारी कशालाही आधी वाह म्हणतात, मग भाव पाडतात. मग अण्णांची साडी उलगडली.

ती साडी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण ती आजही आमच्या कपाटात आहे. फिक्या तपकिरी कापडावर तांबूस सावल्या, पांढुरका बदाम, काळा काठ, आणि काठावर केसाएवढी निळी रेघ. तिच्याकडे बघितलं की थंडी वाजल्यासारखं व्हायचं. एक जाडे व्यापारी खमणाचा घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "आ तो चा ढोळाई गई!" चहा सांडला. सगळं ऑफिस हसलं. एकाने नोकराला हाक मारून फडकं आणायला सांगितलं. अण्णा उभेच होते. हसणं संपल्यावर त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "शेठ, ये असली कलर है. मेरी लडकीने पढा है." आणि त्यांनी मला पुढे केलं.

केतनभाई गोड माणूस. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, लहान मुलीशी बोलतात तसे. मी पंधरा वर्षांची होते. "बेन, तें जोयो छे प्लुटो?" मी म्हणाले, नाही बघितला. पुन्हा हसणं. मग ते हिंदीत आले. ग्रह भूरा, म्हणजे तपकिरी, आहे ना, मग त्याच्यावरची हवा निळी कशी? मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: हवेत बारीक कण आहेत, ते निळा उजेड विखुरतात. "अच्छा. कणों का रंग कौनसा?" मला ते माहीत होतं. ते कुणी बघितले नाहीत, पण राखाडी किंवा लाल असावेत, असं मी वाचलं होतं. तसंच मी सांगितलं. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला: लाल. केतनभाई उठून उभे राहिले आणि व्यापाऱ्यांकडे वळले. "ग्रह भूरा, कण लाल, और दिखता है नीला. बेटा, कौनसी स्कूल में पढती हो?" जाडे व्यापारी हसून हसून खोकायला लागले. त्यांना पाणी द्यावं लागलं. लाल वस्तू निळी कशी दिसते ते मला समजावता येईना, कारण ते मला समजलेलंच नव्हतं. मी ते फक्त वाचलं होतं. त्या पाच माणसांपुढे मूर्ख ठरू नये म्हणून माझ्या तोंडून निघालं, "मी फक्त वाचलं होतं. असं छापा म्हणून मी सांगितलं नव्हतं. ते अण्णांनीच केलं."

केतनभाईंनी हात पसरले, म्हणजे झालं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी साडीची घडी घातली, अगदी काठाला काठ लावून, आणि म्हणाले, "हां जी, गलती हमारी." सोमवारपासून ते फोल्डिंग खात्यात गेले. साडीच्या घड्या ते उत्तम घालायचे, हे त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी बघितलंच होतं.

घरी कुणी मला रागावलं नाही. आईला काय झालं ते पूर्ण कळलं की नाही, मला माहीत नाही. अण्णा नेहमीच्या वेळी जायचे, नेहमीच्या वेळी यायचे, भाकरी खायचे, धागा निघाला तर ताटाच्या कडेला ठेवायचे. फरक एवढाच की त्यांचे हात स्वच्छ होत गेले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, शेवटी नखं. दोन महिन्यांनी ते हात एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखे दिसायला लागले, आणि मला त्यांच्या ताटाकडे बघून जेवता येईना. मशीनवाली साडी बाजारात गेली. ती पहिल्या धुण्यात इतकी रंग सोडायला लागली की व्यापाऱ्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. मशीन रंग मोजू शकत होतं, रंग पक्का व्हायला वाफ किती द्यायची ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यावरून अण्णांना परत बोलावलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मिलमालक बघितलेले नाहीत. केतनभाईंनी दुसरं, आणखी मोठं मशीन घेतलं.

मग एका सुट्टीच्या सकाळी, दहा वाजले असतील, अण्णांनी मला दारातून हाक मारली. "जयू, आठे ये." देवाजवळची उदबत्ती काढून आणून त्यांनी ती उंबऱ्याजवळ एका वाटीत उभी केली होती. दाराची एक फळी बंद होती. ती आतून तेलाने काळी पडलेली. दुसरी उघडी, बाहेर ऊन. मला त्यांनी काळ्या फळीकडे तोंड करून बसवलं. "देख. धूर कोनता रंगना?" मी बघितलं. बाजूने ऊन पडलेला तो धूर काळ्या फळीपुढे निळा दिसत होता. स्वच्छ, बारीक, निळा. मग त्यांनी माझा खांदा धरून मला फिरवलं. आता तोच धूर माझ्या आणि उघड्या दारातल्या उन्हाच्या मधे आला. "आते?" आता तो तपकिरी होता. फिकट, चहासारखा. त्यांनी मला पुन्हा फिरवलं, निळा. पुन्हा, तपकिरी.

"धूर एकच शे ना?" अण्णा म्हणाले. "रंग धूरमा नही शे. उजेड कोठून येस, तू कोठे उभी शे, त्यावर शे." मग बराच वेळ विचार केलेल्या माणसासारखे ते सावकाश बोलत राहिले, की यान मागे गेलं होतं ना, पाठीमागे सगळा अंधार होता ना, सूर्य पलीकडून येत होता ना, मग ती हवा निळी दिसणारच. कण कोणत्याही रंगाचे असोत. किती दिवस ते देवापुढे बसून धुराकडे बघत होते कोण जाणे. आईला वाटलं होतं, नोकरीतलं झाल्यापासून ते देवाचं जास्त करायला लागले.

मी उडीच मारली. म्हणाले, चला, आपण आत्ता जाऊन केतनभाईंना दाखवू. शेठना दाखवू. अण्णा उदबत्तीची राख वाटीत झटकत होते. "केतनभाईले काय करनं?" ते म्हणाले. "तुले तठे जवाब देता उना नही, म्हणीसन सोधं."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दाराजवळ आम्ही दोघंच होतो. लूम चालू होते, कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी वाटी उचलून आत नेऊन ठेवली.

पुढे मी विज्ञान घेतलं, शिक्षिका झाले. आता बारडोलीच्या एका शाळेत शिकवते, आणि दर वर्षी वर्गाच्या दारात उदबत्ती लावून मुलांना धूर दाखवते. मुलं हसतात, पण बघतात. आपण किती खरं बोलतो याबद्दल मीही मुलांना बरंच काही सांगत असते. शिक्षकांना ती सवयच असते.

गेल्या वर्षी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ते घरभर फिरून एकेक वस्तू दारात नेऊन बघायला लागले. सगळंच त्यांना जास्त पांढरं, जास्त निळं दिसत होतं, आणि त्याचा त्यांना राग येत होता, म्हणजे इतकी वर्षं डोळे त्यांना न सांगता खोटं बोलत होते. शेवटी त्यांनी कपाटातून ती साडी काढायला लावली. आईने ती दोनतीन वेळा नेसली होती, चहा सांडला तरी कळत नाही म्हणून. अण्णांनी ती दारात, दहाच्या उजेडात, दोन्ही हातांनी उलगडून धरली आणि बराच वेळ बघितली.

"मनी मॅचिंग चुकनी व्हती," ते म्हणाले. "जरा पिवयी गयी. तव्हाच डोया गयेल व्हतात मना." मग साडीची घडी घालत, काठाला काठ लावत ते म्हणाले, "त्या लोकस्ले कसाले दोष देवाना. चूक मनीच व्हती."

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्या हातातली साडी धरली. म्हणाले, अण्णा, तुमची नव्हती. असंच छापा, असं मी म्हणाले होते. आणि ऑफिसात मी खोटं बोलले.

अण्णांनी साडी माझ्या हातातून सोडवून घेतली, कारण घडी विस्कटत होती.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "मी तठेच उभा व्हतू ना."